पासवर्ड बदलला तरी गिऱ्हाइकांचे मेल मला येत नाहीत, मधे कोण खातंय?

लेथवाला_अंबड

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत माझं छोटं जॉबवर्कचं शॉप आहे. दोन लेथ, एक सीएनसी. बुश, पिना, स्पेसर करून देतो. मेल आयडी एकच, जीमेलचा, २००९ मध्ये काढलेला. धंद्याचं, घरचं, विम्याचं, पोराच्या कॉलेजचं, सगळं त्यावरच. पोरगा म्हणतो कंपनीचा वेगळा आयडी घ्या. पण दोन लेथवाल्याची कसली आलीय कंपनी.

झालं असं, वाळूजच्या एका जुन्या पार्टीचा फोन आला. पर्चेसचे साहेब हसतच बोलायला लागले, "शेठ, तुमचं इंग्रजी एवढं कधी सुधारलं?" मी म्हटलं, कसलं इंग्रजी? तर त्यांना माझ्या आयडीवरून मेल गेलेला, की ऑडिटमुळे आमचं खातं बंद आहे, यापुढचं पेमेंट खालच्या खात्यावर टाका. सोबत माझं बिल. ते मी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलं. हुबेहूब माझंच. नाव, जीएसटी नंबर, एचएसएन कोड, एवढंच काय, आमचा शिक्का नेहमी सहीवर तिरका बसतो तो सुद्धा तसाच तिरका. फक्त खाते क्रमांक आणि आयएफएससी भलताच, आणि तेवढेच आकडे बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा जाड.

मी लगेच मोबाइलवरून पासवर्ड बदलला. सेंटमध्ये तो मेल शोधला, नव्हताच. म्हटलं, चला, सुटलो. तर दोनच दिवसांत चाकणच्या पार्टीकडून कळलं की त्यांनी काल त्या नव्या खात्यावर ६८ हजार टाकलेसुद्धा. टाकण्याआधी बिचाऱ्यांनी मला मेल करून विचारलं होतं, खातं खरंच बदललंय का. तो मेल मला आलाच नाही. स्पॅममध्ये नाही, ट्रॅशमध्ये नाही. त्यांना मात्र उत्तर मिळालं, "येस सर, काइंडली प्रोसीड." मी जन्मात कुणाला काइंडली लिहिलेलं नाही.

पासवर्ड तर मी आदल्या दिवशीच बदलला होता, मग हा अजून आत कसा? जीमेलच्या कस्टमर केअरचा म्हणून एक नंबर नेटवर मिळाला. त्या माणसानं पहिल्याच मिनिटाला स्क्रीन दिसायचं अ‍ॅप टाकायला सांगितलं, मी फोन ठेवून दिला. चाकणवाले म्हणतात आम्ही पैसे भरले, आमचा विषय संपला. जरा उलगडून सांगा कुणीतरी.

सातपूरकर

आयडी डिलीट मारा, नवा काढा, सगळ्या पार्ट्यांना व्हॉट्सअ‍ॅप करा. विषय कट.

पिंपळगावची_सिस्टीमवाली

दादा, वरचं ऐकू नका. आयडी अजिबात डिलीट करू नका. इतक्या वर्षांत बँक, जीएसटी, इन्कम टॅक्स, सगळ्यांचं "पासवर्ड विसरलात का" याच आयडीवर येऊन पडत असणार. शिवाय चोरानं काय काय केलं याचा पुरावा त्याच्यातच आहे.

आणि मेलचं राहू द्या, आधी पैशाचं. चाकणवाल्यांना आत्ता फोन लावा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगा. पैसे त्यांच्या खात्यातून गेलेत, तेव्हा तक्रार त्यांनीच करायची. यूटीआर नंबर (बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक), रक्कम, तारीख-वेळ आणि कुठल्या खात्यावर गेले एवढं हाताशी ठेवून फोन करावा. १९३० वाले पुढच्या बँकेला कळवतात आणि पैसा जिथं पोचला असेल तिथं रोखला जातो. चोर तो एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवून काढून घेतो, म्हणून इथं तासांचा हिशेब असतो. तुमचा एक दिवस गेलाय, तरी करा. सगळी रक्कम निघालेली असतेच असं नाही. सोबत त्यांच्या बँकेला लेखी अर्जही द्यायला लावा.

आता मेल. मी पिंपळगावला एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कॉम्प्युटरचं सगळं बघते. सीझनला कंटेनर न्हावा शेवाला निघाले की पेमेंटच्या मेलांची गर्दी होते आणि "खातं बदललंय" वाले चोरही नेमके तेव्हाच उगवतात. त्यामुळे तुमचं वाचल्यावर मला पहिला संशय फिल्टरचा आला. पासवर्ड बदलल्यावर चोर बहुतेक बाहेर पडलाच असेल, पण जाण्याआधी सोय लावून गेलाय. फिल्टर म्हणजे जीमेलला देऊन ठेवलेला हुकूम: अमक्या पत्त्यावरून किंवा अमका शब्द असलेला मेल आला की इनबॉक्समध्ये दाखवू नकोस, वाचलेला म्हणून खूण कर, पुसून टाक, किंवा गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर पाठव. पाटाला वरच्या अंगाला कुणी चारी फोडून घेतली तर खाली तुम्ही बागेचं फाटक कितीदा बदला, पाणी वरच्यावरच जाणार. पासवर्ड बदलून फिल्टर जात नाही.

आणि तो तुम्हाला सापडला नाही कारण मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये फिल्टर दिसतच नाहीत. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये जीमेल उघडा. वर उजवीकडे दातेरी चाक आहे (ते तुम्हाला ओळखायला शिकवायला नको), त्यातून "सी ऑल सेटिंग्ज", मग "फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अ‍ॅड्रेसेस". तुम्ही न केलेलं जे काही दिसेल त्याचा आधी स्क्रीनशॉट घ्या, पत्ता पूर्ण वाचता येईल असा. मगच काढा. शेजारी "फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप" आहे. फिल्टर ज्या पत्त्यावर मेल ढकलतो तो पत्ता तिथंही नोंदलेला असतो, तिथूनही हाकला. मग "अकाउंट्स अँड इम्पोर्ट". त्यात "ग्रँट अ‍ॅक्सेस टू युवर अकाउंट" म्हणून एक ओळ आहे. तिथं कुणाला बसवलं असेल तर तो स्वतःच्या पासवर्डनं तुमचे मेल वाचतो, तुमच्या नावानं लिहितोसुद्धा. तुमचा पासवर्ड त्याला लागतच नाही. त्याच पानावर "सेंड मेल अ‍ॅज" मध्ये तुमच्या नावासमोर "रिप्लाय-टू" म्हणून, म्हणजे समोरच्याचं उत्तर जिथं जातं तो, वेगळा पत्ता टाकलाय का तेही बघा.

चाकणला गेलेलं ते काइंडलीचं उत्तर तुमच्या आयडीवरून गेलेलं नसावं, असं मला वाटतं. त्यांना पत्ता एकेक अक्षर वाचून दाखवायला सांगा. पहिला मेल तुमच्या खात्यातून, पुढची बोलणी जुळ्या पत्त्यावरून, ही नेहमीची रीत. मधल्या काळात तुम्ही पासवर्ड बदललात तरी त्याचं काही अडत नाही.

यानंतर गुगल अकाउंटचं सिक्युरिटीचं पान. रिकव्हरीचा फोन आणि मेल तुमचाच आहे ना? पासकी, ऑथेंटिकेटर, अशी आत शिरायची कुठली अनोळखी सोय जोडलीय का? "युवर डिव्हाइसेस" मध्ये नको ते दिसलं की साइन आउट. बाहेरच्या अ‍ॅपना दिलेली परवानगीही एकदा चाळा. मग टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी खात्री, चालू करा आणि बॅकअप कोड कागदावर छापून घरातल्या फाइलमध्ये ठेवा. शॉपवर नको.

तुम्ही अजून आत आहात म्हणून हे सगळं करता येतंय. ज्यांना चोरानं बाहेरच काढलंय त्यांनी गुगलच्या रिकव्हरीच्या पानावरून जायचं, तेही नेहमीच्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून, नेहमीच्या जागेवरून, घरच्याच वायफायवर. रिकव्हरीचा नंबर चोरानं बदलला असला तरी जुना नंबर बदलापासून ७ दिवसांपर्यंत चालू शकतो. म्हणून "रविवारी निवांत बघू" म्हणायचं नाही. फुकटच्या जीमेलला फोनवर बोलणारा कस्टमर केअर मुळात नाही. तुम्हाला भेटला तो दुसरा चोर.

एक विचारते. शॉपच्या पीसीवर ड्रॉइंग उघडायला क्रॅक केलेलं कॅड-कॅम टाकलंय का कुणी? आणि त्याच पीसीवर जीमेल कायम उघडं असतं का?

लेथवाला_अंबड

ताई, चाकणला फोन केला. त्यांच्या अकाउंटंटनं १९३० ला लावलाय, तक्रार क्रमांक मिळालाय. पीसीचं विचारलंत ते बरोबर. प्रोग्रॅमिंगला येणाऱ्या पोरानं पेन ड्राइव्हवरून काहीतरी टाकलंय खरं, त्यासाठी अँटिव्हायरस बंद करावा लागतो असं तो म्हणाला होता. आणि हो, जीमेल तिथं दिवसभर उघडं असतं, चलनं छापायला.

पिंपळगावची_सिस्टीमवाली

मग त्या पीसीची नेटची वायर काढा. असल्या क्रॅकबरोबर येणारी चीज ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर उचलतेच, पण लॉगिन झाल्यावर ब्राउझरकडे जी कुकी राहते तीही नेते. कुकी गेली की टू-स्टेपचा ओटीपी त्याला विचारलाच जात नाही, कारण गुगलच्या लेखी तो आधीच आत आलेला तुमचाच ब्राउझर असतो. तुम्ही पासवर्ड मोबाइलवरून बदललात हे नशीब. त्या पीसीवर बदलला असतात तर नवा पण पोचता झाला असता. विंडोज नव्यानं टाकल्याशिवाय तिथं जीमेल उघडू नका, नेट बँकिंग तर नाहीच. मशीनचे प्रोग्रॅम आधी वेगळे काढून ठेवा, नाहीतर सीएनसी उभी राहील आणि माझ्या नावानं खडे फोडाल. आणि सगळी साफसफाई झाल्यावर स्वच्छ मशीनवरून पासवर्ड पुन्हा एकदा बदला.

रिटर्नवाला_काका

ताईंनी तांत्रिक सांगितलंय, मी कागदांचं सांगतो. मी जीएसटीची कामं करतो, त्यामुळे लोकांच्या मेलमध्ये काय काय पडलेलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. "आधार", "पॅन", "चेक" असे शब्द टाकून स्वतःच्या मेलमध्ये सर्च करून बघा. जे तुम्हाला सापडलं ते त्यालाही सापडलंय असंच धरून चाला. डाउनलोड केलेल्या ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. मेलमध्ये विम्याचा कागद असला की दोन्ही कळतं, म्हणजे तो पासवर्ड असून नसल्यासारखाच. यूआयडीएआयच्या साइटवरून आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका. ठसा द्यायचा असेल तेव्हा तात्पुरतं उघडता येतं.

जीएसटी रिटर्न ईव्हीसीनं, म्हणजे सहीऐवजी ओटीपी टाकून, भरताना ओटीपी मोबाइलवर येतो तसा नोंदलेल्या मेलवरही येतो, हे बहुतेकांच्या लक्षातच नसतं. तेव्हा पोर्टलचा पासवर्ड लगेच बदला. पुढंमागं वेगळा आयडी केलात तर रजिस्ट्रेशनच्या नॉन-कोअर (किरकोळ तपशिलांच्या) दुरुस्तीत अधिकृत सही करणाऱ्याचा मेल बदलता येतो. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तर प्रोफाइलमध्येच सोय आहे. आणि शेठ, दोन लेथवाल्यालाही वेगळा आयडी लागतो. पोरगा बरोबर बोलतोय.

शरणपूर_रोड_वकील

चाकणच्या पार्टीची तक्रार पैशाची. तुमची वेगळी आणि तीही झालीच पाहिजे, कारण तुमची ओळख वापरली गेलीय. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ६६सी म्हणजे दुसऱ्याची ओळख, पासवर्ड, सही वापरणं, आणि ६६डी म्हणजे कॉम्प्युटरच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणं. दोन्हींना ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर नोंदवा आणि त्याची प्रत घेऊन ठाण्यात जा. अंबड शहर आयुक्तालयाच्या हद्दीत येतं, म्हणजे तुम्हाला नाशिक शहर सायबर पोलीस ठाणं. पिंपळगाव, सिन्नर, निफाडवाल्यांना ग्रामीणचं. कुणी "आमच्या हद्दीत नाही" म्हणालं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. ऑनलाइनही देता येते, मात्र ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. आयटी कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करू शकतो. तेव्हा ठाणे अंमलदार म्हणाले साहेब आल्यावर या, तर लगेच टोलवाटोलवी समजू नका.

पुराव्याबाबत एकच गोष्ट, पण महत्त्वाची. वाळूज आणि चाकणवाल्यांना ते मेल तुम्हाला फॉरवर्ड करायला सांगू नका. फॉरवर्ड केला की मूळ मेलची हेडरमधली माहिती गळते. त्यांचं जीमेल असेल तर मेलच्या तीन टिंबांत "शो ओरिजिनल" आणि तिथून डाउनलोड. मेल खरोखर कुठल्या पत्त्यावरून, कुठल्या सर्व्हरवरून निघाला ते त्यात असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा स्क्रीनशॉट बोलायला ठीक आहे, कोर्टात टिकायला नाही.

६८ हजारांचं. भलत्याला पैसे दिले म्हणून तुमचं येणं आपोआप फिटत नाही, पण ते म्हणणार पहिला मेल तुमच्याच आयडीवरून आला, आणि त्यातही तथ्य आहे. खटल्यात कोण जिंकेल ते इथं बसून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बिल अजून बाकी आहे एवढं आज लेखी कळवून ठेवा, भांडू नका, आणि थांबवलेली रक्कम किती निघते ते बघा. एवढ्या रकमेसाठी नेहमीची पार्टी तोडायची का, हा हिशेब वकिलाचा नाही, तुमचा. एक मुद्दा मात्र बोलताना मांडता येईल: एनईएफटी, आरटीजीएस करण्याआधी समोरच्या खात्याचं नाव दाखवायची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे. त्यांच्या अकाउंटंटला नाव कुणाचं दिसलं होतं?

लेथवाला_अंबड

सगळ्यांचे उपकार. पोराच्या लॅपटॉपवर बसलो आणि ताई, फिल्टर सापडला. एक नाही, दोन. पहिला वाळूज, चाकण आणि सिन्नरच्या तीन पार्ट्यांच्या पत्त्यांचा: इनबॉक्स टाळा, वाचलेला करा, अमक्या पत्त्यावर पाठवा, डिलीट करा. दुसरा शब्दांचा: पेमेंट, इनव्हॉइस, बँक, अकाउंट. आणि त्या यादीत शेवटी "बिल", तेही मराठीत, काना-मात्रा सगळं बरोबर! म्हणजे यानं माझे मेल वाचून काढलेत. माझ्या जुन्या मेलांच्या विषयात मी मराठीत "बिल" लिहितो. ते बघून खरं सांगतो, ६८ हजारांपेक्षा जास्त डोकं फिरलं.

तुमच्या म्हणण्याप्रमाणे चाकणला पत्ता वाचायला लावला. माझ्याच आयडीत मधे एक "एस" जादा. अकाउंटंट बाई फोनवर अक्षरं वाचताना तिथं अडकल्या आणि एकदम गप्प झाल्या. खात्याच्या नावाचं विचारलं, तर म्हणाल्या, कुणातरी बाईचं नाव दिसलं होतं, मालकीणबाईंचं असेल वाटलं. त्यानंतर त्यांच्या शेठचा आवाज बराच खाली आला. अर्धं अर्धं सोसू म्हणताहेत. बघू.

सिन्नरवाल्यांना मेल गेला होता, पण त्यांचं पेमेंट नेहमी ९० दिवसांनी येतं. उशिरा पैसे देणाऱ्यांना मी पहिल्यांदाच दुवा दिला.

एकच शंका राहिली. ते खाल्लेले मेल आता परत मिळतील का? मी ट्रॅशमध्ये पाहिलं होतं, काही नव्हतं.

पिंपळगावची_सिस्टीमवाली

सर्चच्या खिडकीत इन:एनीव्हेअर (इंग्रजीत, मधे कोलन, जागा न सोडता) आणि पुढं चाकणवाल्यांचा पत्ता टाका. ट्रॅश, स्पॅम, अर्काइव्ह सगळीकडे एकदम शोधतं. ट्रॅशमधले मेल ३० दिवस राहतात, पण चोर अधूनमधून येऊन ट्रॅश रिकामा करत असेल तर तिथं दिसणार नाहीत. तसं असेल तर गुगलच्या मदतीच्या पानावर गायब झालेले मेल परत मागायचं साधन आहे. अकाउंटमध्ये दुसरं कुणी शिरून मेल पुसले असतील तर ते उपयोगी पडू शकतं, पण लवकर वापरा, हमी नाही. आणि फिल्टर काढण्याआधी स्क्रीनशॉट घेतलात ना?

लेथवाला_अंबड

घेतला. पोरानं प्रिंटही काढली, उद्या सायबरला नेतोय.

गंगापूर_रोड_७

मधेच विचारतो. जुळा पत्ता म्हणजे मधे डॉट घालूनही करतात ना?

पिंपळगावची_सिस्टीमवाली

जीमेलमध्ये नाही. डॉट घाला, काढा, पत्ता तोच धरला जातो, मेल तुमच्याकडेच येतो. अक्षर किंवा आकडा वाढवून करतात. स्वतःचं डोमेन असलेल्या कंपनीचा पत्ता असेल तर मग काहीही, "एम" च्या जागी "आर" आणि "एन" शेजारी शेजारी, बारीक अक्षरात ओळखू येत नाही.

गंगापूर_रोड_७

आणि आउटलुकवाल्यांनी कुठं बघायचं?

पिंपळगावची_सिस्टीमवाली

सेटिंग्ज, मेल, "रूल्स". फॉरवर्डिंग त्याच्याच खाली वेगळं आहे. तेही कॉम्प्युटरवरून.